दोन आणि तीनची अदलाबदल

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
माग विकून रिकामी झालेली शेड,
तिच्यात चिलवेरींची जिप्सी.
बॉनेटखाली, बॅटरीच्या मागच्या अंगाला
ॲल्युमिनियमचं खोकं –
पानाच्या डब्याहून मोठं, जेवणाच्या डब्याहून लहान.
कंपनीचं नव्हे.
कंपनीचं नरहरीनं काढून टाकलं, दोन हजार चारला,
आणि हे मागवलं परदेशातून,
घरी सांगितलं, मिक्सरचा पार्ट आलाय.

नरहरी आता नाही.
त्याचा लॅपटॉपही नाही, तो गेला भंगारात, किलोवर.
थोरले राजमल्लू चिलवेरी म्हणाले,
"गाडी चालू होते, पण उचक्या देते.
खोक्याशी बोलणारं कुणी मिळंना."

मी बोलणारा.
माझा लॅपटॉप इतका पातळ की त्याच्या कडेला
दोन चिरा सोडून काही मावलेलं नाही.
खोक्याला मात्र नऊ पिनांचं तोंड,
दोन बाजूंना दोन स्क्रू, कानांसारखे.
मध्ये नवी पेठेतली निळी केबल, दोनशे ऐंशीची,
आतली चिप डुप्लिकेट.
ड्रायव्हर म्हणाला, ओळखत नाही.
जुना ड्रायव्हर शोधला, तो म्हणाला, बघू.
पोर्टला नंबर मिळाला सतरा,
आणि जुन्या सॉफ्टवेअरला
चारच्या पुढं मोजता येत नव्हतं.
सतराचे दोन केले.
तरी पडद्यावर एकच ओळ:
उत्तर नाही.

दस्तगीर मिस्त्री टायरवर बसून हे सगळं बघत होता.
त्याला कॉम्प्युटरातलं काही कळत नाही, असं तोच सांगतो.
मीटरच्या दोन सुया लावल्या त्यानं, मान हलवली.
"दोघंबी बोलायलेत की रे.
ऐकायला कोणच न्हाई."

दोन नंबरची तार तीनला,
तीन नंबरची दोनला.
ह्याचं तोंड त्याच्या कानाला
आणि त्याचं ह्याच्या.
एवढंच.
सोल्डरचा धूर राजमल्लूंच्या चष्म्यावर बसला.
वेगही उतरवला – सेकंदाला जेमतेम हजार अक्षरं,
म्हाताऱ्या माणसाबरोबर जिना उतरावा तसा.

आणि खोकं बोललं.
इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य:
हवा, त्रेचाळीस अंश.

दस्तगीर मोठ्यानं हसला. "सोलापूरचंच हाय!"

मग आकड्यांचा तक्ता उलगडला,
सोळा आडवे, सोळा उभे,
कुठं किती पेट्रोल, कुठं किती ठिणगी.
राजमल्लू पुढं वाकले.
त्यांच्या वडिलांकडे चादरीच्या नक्षीचे पुठ्ठे असत, भोकांचे,
दोऱ्यात ओवलेले.
"हे तसंच की," म्हणाले, आणि बोट ठेवलं
एका घरावर, जिथं आकडा शेजाऱ्यांशी जुळत नव्हता.
"इथं चुकलाय का तो?"
मलाही तसंच वाटलं. ते घर मी सपाट करणार होतो.

तेवढ्यात खाली टिपणाची जागा दिसली.
चाळीस अक्षरं मावतात तिथं, त्यानं पंधराही वापरली नव्हती:
चलिलो मेल्लगा.
मला तेलुगू येत नाही.
राजमल्लूंनी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा ओठ हलवून.
"थंडीत, हळू," म्हणाले.
बाहेर डांबर मऊ झालेलं.

उचक्या दुसरीकडच्याच निघाल्या,
थ्रॉटलच्या सेन्सरचा एक सैल पिन.
ते घर तसंच ठेवलं मी.
सगळ्या तक्त्याची एक प्रत माझ्याकडे घेतली,
एक त्यांना पेनड्राइव्हवर दिली.
त्यांनी तो किल्लीच्या जुडग्यात अडकवला
आणि विचारलं, पैसे किती.
मी केबलचे दोनशे ऐंशी सांगितले.
त्यांनी पाचशे दिले, सुटे परत घेतले नाहीत,
आणि निळी केबल मागून घेतली –
डिसेंबरात परत लागंल, म्हणाले.